तोफेपुरतं आच्छादन

वैशाख उतरणीला लागला की बिरवाडीच्या घराघरांत एक प्रश्न निघतो. स्लॅबवर पत्रा टाकायचा का? वळवाची एखादी सर येऊन गेलेली असते. स्वयंपाकघराच्या छतावरचा गेल्या पावसाळ्यातला ओलीचा डाग पुन्हा गडद झालेला असतो. मृगाला जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. मुंबईला असलेला मुलगा शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो. रविवारी सकाळी वेल्डिंगवाला टेप घेऊन गच्चीवर चढतो, लांबी-रुंदी मोजतो, फुटाचा भाव सांगतो आणि जाता जाता म्हणतो, "काय ते आजच सांगा दादा, पुढं मला वेळ नाही." एवढा मोठा निर्णय मग चहा संपेपर्यंत घ्यावा लागतो.

या प्रश्नाला थोडा निवांत वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात पैशांचा भाग आहेच. पण एकदा कष्टानं जे उभं केलं ते राखायचं कसं, हा त्याच्या मुळाशी असलेला विचार घराच्या चार भिंतींत मावणारा नाही.

आपल्या महाड-पोलादपूरकडं पूर्वी घरं कौलारू किंवा गवतानं शाकारलेली होती. दर वर्षी पावसाच्या आधी माणूस छपरावर चढायचा, फुटकी कौलं बदलायचा, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकायचा. त्यात माकडांचा त्रास वेगळाच. त्यांची टोळी एकदा छपरावरून गेली की केलेलं सगळं काम पुन्हा करावं लागायचं. ज्यांनी मुंबईत राबून किंवा इथल्या एमआयडीसीत पाळ्या करून पैसे साठवले, त्यांनी स्लॅब टाकला तो या दर वर्षीच्या कामातून सुटायला. म्हणून आता त्याच पक्क्या छपरावर दुसरं छप्पर चढवायचं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं नाराज होतात. छपराला कसलं आलंय छप्पर, असं त्यांना वाटतं. त्यांचं वाटणं रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायचं तर आधी पावसाचा हिशेब मांडावा लागतो.

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की ते एक लिटर पाणी होतं. आपल्या तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांचा छोटा स्लॅब धरला, तरी त्याच्यावर एका हंगामात दीड लाख लिटर पाणी येतं. हे सगळं पाणी कोपऱ्यातल्या दोन-तीन पाइपांच्या तोंडांतून बाहेर पडायचं असतं. कौलांचा उतार इतका की पाण्याला थांबायला जागाच नसते. ते पागोळ्यांनी अंगणात उतरून मोकळं होतं. स्लॅबला दहा फुटांमागं इंच-दीड इंच ढाळ असतो, तोही गवंड्यानं मनावर घेतला तर. फणसाची चार पानं पाइपच्या तोंडाशी अडकली की गच्चीचं तळं होतं.

साचलेलं पाणी वाट शोधतं. उन्हाळ्यात तापून आणि रात्री निवून काँक्रीटला केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. त्यांतून पाणी आतल्या सळईपर्यंत जातं. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळं तो आतून काँक्रीटला ढकलू लागतो. मग एके दिवशी छताचा पोपडा खाली पडतो आणि तांबूस सळई उघडी दिसते. तोवर आतलं काम बरीच वर्षं चाललेलं असतं.

म्हणून पत्र्याच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. पाऊस स्लॅबपर्यंत पोचतच नाही, उतारावरून बाहेर जातो. वैशाखाचं ऊन थेट काँक्रीटवर पडत नाही, त्यामुळं चिरा कमी पडतात आणि खालच्या खोल्या रात्री लवकर निवतात. पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा घरातल्या बाईला ही शेड म्हणजे मोठा आधार वाटतो. लाकडं आणि पेंढा कोरडा राहतो. गौरी-गणपतीला मुंबईची सगळी माणसं आली की तिथंच पंगत बसते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती रायगड जिल्ह्याला कोणी नव्यानं सांगायला नको. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. घरांवरचे पत्रे वाऱ्याबरोबर उडाले. असं का होतं, ते आकड्यांत पाहिलं की मनात पक्कं बसतं. ताशी 110 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण पंचावन्न किलो वजनाइतका भरतो. चार-पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो असतं, म्हणून तो जागचा हलत नाही. पातळ पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला चार-पाच किलोच असतं. त्यातून चारी बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरून वर उचलतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. पन्नास चौरस मीटरच्या शेडवर हा जोर दोन-अडीच टनांच्या पुढं जातो. त्या वेळी शेड जागेवर राहते ती केवळ स्क्रू, जोड आणि खांबांच्या पायांच्या जिवावर. सुटलेला पत्रा पुढं कोणाच्या अंगणात, कोणाच्या अंगावर जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

आणखी एक गोष्ट वेल्डिंगवाला सहसा बोलत नाही. खांब उभे करायला तो स्लॅबमध्ये भोकं पाडून बोल्ट मारतो. ज्या स्लॅबची गळती थांबवायची, त्यालाच नवी भोकं पडतात. पत्र्याच्या कडेनं झड आत येते, पाणी खांबावरून ओघळत पायाशी जमतं आणि बोल्टच्या कडेनं आत मुरतं. वर छप्पर आलेलं असल्यामुळं तिकडं बघायला कोणी जात नाही. खाली डाग दिसतो तेव्हा घरातले चक्रावतात की पत्रा असूनही हे पाणी येतं कुठून.

शिवाय पत्र्यावरून निघालेलं पाणी कुठंतरी पडणारच. आपल्याकडं घरं एकमेकांना लागून आहेत. आपल्या पत्र्याचा उतार शेजारच्या भिंतीकडं गेला की आपलं घर कोरडं होतं आणि त्यांची भिंत ओली. अशा पागोळ्यांवरून भावाभावांत अबोला धरलेला गावागावांत सापडतो. कडेला पन्हळ बसवून पाणी आपल्याच अंगणात, आपल्याच नाल्यात उतरवणं हे शेडच्या खर्चातच धरलं पाहिजे. छप्पर पाणी नाहीसं करत नाही, ते त्याची दिशा बदलतं. बिरवाडीवरून पुढं शिवथरघळीला गेलं की हे निसर्गानंच दाखवून ठेवलेलं आहे. श्रावणात धबधबा घळीच्या अगदी तोंडाजवळ कोसळत असतो आणि आत माणूस बसू शकतो, कारण कातळाच्या पुढं आलेल्या कडेनं पाणी बाहेरच्या बाहेर सोडलेलं आहे. समर्थांनी दासबोध जिथं सांगितला असं परंपरा मानते, ती हीच जागा.

जगभरात माणसं आच्छादनाच्या या प्रश्नापाशी येऊन थांबतात. अमेरिकेत चाकांवरच्या घरांतून फिरणारी कुटुंबं आहेत. आपल्या राज्यानंही 2021 मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची ओळख आपल्याकडंही वाढू लागली आहे. यांतल्या काही गाड्यांची एक खोली मुक्कामाला थांबल्यावर कडेनं बाहेर सरकवता येते. त्या बाहेर आलेल्या भागाच्या टपावर जाड कापडाची गुंडाळी बसवावी का, यावर तिथली माणसं बराच विचार करतात. खोली सरकली की कापड आपोआप उलगडतं, काटक्या-पानं आणि पाणी टपावर थांबत नाही, खोली आत घेताना तो कचरा रबराच्या पट्टीत अडकत नाही. पण त्याच कापडावर पाणी साचून झोळ पडतो, वाऱ्यात ते रात्रभर फडफडतं, उन्हानं काही वर्षांत विरतं आणि बदलावं लागतं. आपल्या पत्र्याच्या आणि त्यांच्या कापडाच्या अडचणी किती जवळच्या आहेत! एका वस्तूला राखायला दुसरी आणली की ती दुसरीही राखावी लागते. तिलाही वय आहे, तिलाही वारा लागतो.

मग करायचं काय? याचं मला पटलेलं उत्तर तीनशे वर्षांपूर्वीचं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलं गेलं. राज्य कसं चालवावं हे सांगता सांगता त्यात गडकोटांच्या देखभालीचं प्रकरण येतं. किल्ल्यांवरचा पाऊस म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसांना कोणी सांगायला नको होतं. आपला रायगडच पाहा. आषाढात तिथं चार हातांवरचं दिसत नाही. अशा पावसात तोफा कशा राखाव्यात हे तिथं सांगितलं आहे. तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, तोफेचे कान मेणानं भरून बंद करावेत आणि मग वर तोफेपुरतं आच्छादन घालावं.

त्या आज्ञेतल्या क्रमाकडं लक्ष द्यावं. सर्वांत आधी खुद्द तोफेला तेल-मेण, म्हणजे उद्या आच्छादन वाऱ्यानं गेलं तरी लोखंड पावसाला तोंड देऊ शकेल. दुसरं काम छिद्र बंद करायचं, कारण पाणी नेमकं तिथूनच आत जाणार. आच्छादन सगळ्यांत शेवटी, आणि त्यालाही माप आहे. अख्ख्या बुरुजावर मांडव घालायला सांगितलेलं नाही, तोफेपुरतंच सांगितलं आहे. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं, तसं ते बेतलेलं असावं: पाऊस पाठीवर येतो म्हणून आच्छादन पाठीवर, आणि हात कामाला मोकळे.

स्लॅबच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा करतो. गळती दिसली की थेट पत्रा. चिरा भरायच्या राहून जातात, ढाळ दुरुस्त करायचा राहतो, पाइपांची तोंडं रुंद करायची राहतात, कारण आता वर पत्रा येणारच आहे. मग सगळा भरवसा त्या पातळ पत्र्यावर आणि त्याच्या स्क्रूंवर जातो. एका वादळात तो गेला की आत दुबळाच राहिलेला स्लॅब उघडा पडतो, तोही ऐन पावसाळ्यात, जेव्हा काहीच दुरुस्त करता येत नाही.

आच्छादनाची मर्यादाही आपल्या तालुक्यानं अतिशय कठोरपणे पाहिली आहे. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी सावित्रीनं पोलादपूरवरून खाली आणलं आणि महाड शहर बुडालं. त्याच महिन्यात, 22 जुलैला, तळिये गावात डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या घरांवर काय होतं, कौलं की स्लॅब की पत्रा, याला त्या क्षणी काही अर्थ उरला नाही. ही आठवण मी घाबरवायला काढत नाही. एका छपरानं सगळी संकटं टळतील, असं स्वतःला सांगून निर्धास्त होऊ नये, एवढ्यासाठी काढतो. छप्पर वरून येणाऱ्या पाण्यासाठी आहे. नदीच्या आणि डोंगराच्या वाटेत घर असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो आणि तो पत्र्याच्या आधी करावा लागतो.

एवढा सगळा हिशेब मांडल्यावरही एक गोष्ट कागदावर येत नाही, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच व्हावा. स्लॅबची काळजी आज घेतं कोण? आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तरुण माणसं मुंबई-पुण्याला आहेत. घरात दोन वयस्क जीव. रात्री पाऊस वाढला, गच्चीवर पाणी तुंबल्याचा आवाज आला की सत्तरीचे वडील बॅटरी घेऊन उठतात, शेवाळलेल्या पायऱ्या चढतात आणि हातानं पाइपच्या तोंडाची पानं काढतात. आई खालून ओरडत राहते, "अहो, सकाळी बघू, आता नका जाऊ." ते जातातच, कारण घर त्यांनी बांधलेलं असतं. अशा घरात पत्रा स्लॅबसाठी टाकायचा नसतो, वडिलांसाठी टाकायचा असतो. त्यांची रात्रीची ती एक चढण वाचली तरी पैसे कारणी लागले, असं मी म्हणेन. असं पाहिलं की कुठं किती झाकायचं हेही सोपं होतं. सर्वांत आधी जिना आणि पाइपांची तोंडं झाकली जातील, अशी शेड आखावी.

आणि जे घर वर्षातले दहा महिने बंद असतं, शिमग्याला आणि गणपतीला तेवढं उघडतं, त्याच्या बाबतीत मी उलट सल्ला देईन. तिथं मोठी शेड उभारून निघून जाणं धोक्याचं. सैल झालेला स्क्रू कोणी पाहणार नाही, वाजणारा पत्रा कोणी ऐकणार नाही. त्या घराला चांगला कोबा, नीट ढाळ, रुंद पाइप आणि पावसाआधी एकदा गच्ची झाडून जाणारा एखादा शेजारी जास्त उपयोगाचा. ज्याच्याकडं पाहायला माणूस नाही, ते आच्छादन उद्याचं ओझं होतं.

आमच्या घरी यंदा याच क्रमानं ठरलं आहे. आधी चिरा मोकळ्या करून भरायच्या आणि कोबा करून घ्यायचा. मग घागरीनं पाणी ओतून ते कुठं थांबतं ते बघायचं आणि तिथं ढाळ द्यायचा. पाइपांना जाळ्या बसवायच्या. त्यानंतर शेड, तीही जिन्यावर आणि स्वयंपाकघराच्या बाजूला, बाकी गच्ची उघडी. खांब भिंतीवरच्या पिलरांना धरून घ्यायचे, स्लॅबला भोक पाडायचं नाही. स्क्रू कमी करून पैसे वाचवायचे नाहीत. पन्हळीचं पाणी आपल्याच परसात सोडायचं. आणि दर वर्षी मृगाआधी एका रविवारी वर चढून सगळे जोड हातानं तपासायचे, हे काम मुलांनी वाटून घ्यायचं. हा रविवार खर्चाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिला आहे, कारण तो देता येत नसेल तर बाकीचा खर्च करण्यात राम नाही.

संसारात आपण सतत काही ना काही झाकत असतो. मुलाला अभ्यास जड जातो, तर आपण एक शिकवणी लावतो, तिच्यावर दुसरी लावतो, पण त्याला नेमकं कुठं अडतं हे शेजारी बसून पाहत नाही. गावाकडच्या आई-वडिलांची काळजी वाटते, तर पैसे पाठवतो, कॅमेरा बसवतो, आणि त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मात्र तसंच राहतं. या गोष्टी वाईट नाहीत. पण त्या शेवटच्या आहेत, आणि आपण त्यांनाच पहिल्या मानून मोकळे होतो. ज्याला राखायचं त्याच्याजवळ आधी जावं लागतं, त्याला हात लावून पाहावं लागतं, कुठं चीर आहे ते शोधावं लागतं. तेल-मेण दुरून देता येत नाही.

आज दिवसभरात घरात, शेतात किंवा कामावर काही झाकायची वेळ आली, तर हात पुढं करण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. खालची वस्तू स्वतःच्या बळावर किती तग धरेल? तिच्यात पाणी कुठून शिरतंय? आणि जे वर घालणार आहोत, त्याच्याकडं उद्या बघणार कोण? ही तीन उत्तरं मिळाली की पत्रा किती फुटांचा हवा, हे वेल्डिंगवाल्याला सांगायला वेळ लागत नाही.